लिंकला शेपटी लावणाऱ्या शिया ताई

फोन उचलला की शिया ताई आधी नमस्कार म्हणायच्या, मग कारखान्याचं नाव सांगायच्या, आणि तिसरं वाक्य ठरलेलं असायचं, "आमचा नंबर तुम्हाला कुणी दिला?" समोरच्या बिचाऱ्याला दोन किलो नूडल हवे असायचे. पण याचं उत्तर दिल्याशिवाय त्याची ऑर्डर पुढे सरकत नसे. कुणी म्हणे नणंदेने दिला, कुणी म्हणे देवळापाशी पाटी बघितली, कुणी म्हणे आठवत नाही. आठवत नाही म्हणणाऱ्यावर ताईंचा विशेष राग. "आठवा, मी थांबते," असं म्हणून त्या खरंच थांबायच्या. फोनचं बिल त्याचं होतं, त्यांना काय घाई.

अशी बावीस वर्षं त्यांनी कुआनम्याओ गावातल्या आमच्या नूडल कारखान्यात काढली. जुन्या कॅलेंडरांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर रकाने आखलेले असायचे: नणंद-भावजय, देऊळ, पाटी, शेजारी, आठवत नाही. प्रत्येक फोनला एक रेघ. आमच्याकडे मोजायला पाच रेघांचं एक चिनी अक्षर वापरतात, पाचवी रेघ पडली की ते पुरं व्हायचं. ती कॅलेंडरं कुणी मागितली नव्हती आणि कुणी बघतही नव्हतं. मालक एकदा म्हणाले, "शिया, याचा उपयोग काय?" ताई म्हणाल्या, "पाटीला यंदा रंग देऊ नका. पाटी बघून वर्षात अकरा माणसं आलीत. त्या पैशात देवळात चहा ठेवा." मालकांनी चहा ठेवला, आणि पुढच्या कॅलेंडरावर देवळाचा रकाना पानाखाली उतरला.

मी हुंग. डब्यांची चित्रं, जाहिरातींचे फोटो, कार्डं, सगळं मी करतो आणि उशिरा देतो. हे दुसरं ताईंचं म्हणणं आहे, माझं नाही.

दहा वर्षांपूर्वी मालकांची मुलगी पेइ-चुन तैपेईहून परत आली आणि तिने ऑनलाइन दुकान उघडलं. फोन कमी झाले, लिंका वाढल्या. मग प्रश्न आला की इतक्या ठिकाणी आपण लिंक टाकतो, तर गिऱ्हाईक नक्की कुठल्या लिंकवरून येतं ते कसं कळणार. पेइ-चुनने फळ्यावर समजावून सांगितलं. दुकानाच्या पत्त्यापुढे एक प्रश्नचिन्ह टाकायचं आणि त्यापुढे शेपटी लावायची. शेपटीत तीन गोष्टी: ही लिंक कुणाकडून गेली, कुठल्या मार्गाने गेली आणि कुठल्या मोहिमेसाठी गेली. पान तेच उघडतं, पण जाता जाता शेपटी आकडेवारीच्या पानावर आपली नोंद करून जाते. आम्ही सगळे माना हलवत होतो आणि मनात दुपारच्या जेवणाचा विचार करत होतो. शिया ताई तेवढ्या पुढे सरकून बसल्या.

"म्हणजे लिंकच सांगते, मला अमक्याने पाठवलं म्हणून?"

"हो ताई."

"मला विचारावं लागणार नाही?"

"नाही."

"आणि आठवत नाही असं म्हणता येत नाही तिला?"

"जी शेपटी लावाल तेच ती बोलणार."

"मग शेपटी लावणाऱ्याने खोटं बोलू नये, एवढंच ना," ताई म्हणाल्या आणि वही उघडली.

त्या दिवसापासून कारखान्यातून बिनशेपटीची एकही लिंक बाहेर गेली नाही. ताईंनी एक तक्ता केला. एक लिंक, एक ओळ. कुणाला लिंक हवी असेल त्याने ताईंकडे अर्ज करायचा, ताई तीन प्रश्न विचारणार, उत्तरं पटली तर शेपटी लावून देणार. मोहिमेचं नाव "असंच" असं सांगितलं म्हणून त्यांनी मला एकदा दोन तास ताटकळत ठेवलं होतं. पेइ-चुनलासुद्धा सूट नव्हती. ती पाळण्यात होती तेव्हापासून ताईंनी तिला बघितलेलं, त्यामुळे तिला त्या सरळ "नाक पूस आणि नीट सांग" अशा सुरात विचारायच्या.

आणि ही सवय कारखान्याच्या फाटकापाशी थांबली नाही. त्यांच्या स्वयंपाकघरातल्या बरण्या मी पाहिल्या आहेत. मुळ्याच्या लोणच्याच्या बरणीवर चिठ्ठी: मोठ्या जाऊबाई, बसने, काही कारण नाही. मधाच्या बाटलीवर: डॉक्टर, हातोहात, गुडघा. माझ्या लग्नाची पत्रिका मी फोनवरून पाठवणार होतो, तर यांनी दोन वेगळ्या शेपट्या लावून दिल्या, एक माझ्या घरच्यांसाठी, एक मुलीच्या घरच्यांसाठी. त्यामुळे लग्नानंतर आम्हाला पक्कं कळलं की माझ्या बाजूच्या पत्रिकेवरून आलेल्यांपैकी अकरा जणांना आम्ही कुणीच ओळखत नव्हतो. सासरच्यांनी तो विषय अजून सोडलेला नाही.

आता मुख्य गोष्ट, आणि ती माझ्याच गाढवपणाची आहे.

चार वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात पेइ-चुनने ताईंना आणि मला समोर बसवलं. नवीन वर्षाच्या भेटीच्या डब्यांचा हंगाम तोंडावर आला होता. तिने तैपेईची एक व्हिडिओवाली बाई ठरवली होती. तिचं खरं नाव कुणालाच माहीत नाही, सगळे तिला भुकेली वाघीण म्हणतात. कॅमेऱ्यासमोर बसून ती खात सुटते आणि लाखो लोक बघतात.

"ताई, स्पष्टच सांगते," पेइ-चुन म्हणाली. "तैपेईच्या एका एजन्सीशी बोलणं चाललंय. त्यांच्याकडे शेपट्या आपोआप लागतात. माणूस लागत नाही."

"आपोआप म्हणजे कोण लावतं?"

"कुणीच नाही. यंत्र."

"आणि चुकलं तर कुणाला विचारायचं?"

पेइ-चुनने समोरचे कागद सारखे केले. "हा हंगाम होऊ दे. एका बाजूला वाघीण, एका बाजूला तुमच्या जुन्या गिऱ्हाइकांना जाणारे निरोप आणि डब्यातली लिंक छापलेली कार्डं. वाघिणीने जास्त ऑर्डरी आणल्या तर सगळं काम एजन्सीकडे जाईल. तुमच्यासाठी पॅकिंगमध्ये जागा आहे."

पॅकिंगमध्ये आठ तास उभं राहावं लागतं. ताईंचं वय छप्पन्न, दोन्ही गुडघे कामातून गेलेले, निवृत्तीला चार वर्षं. ताई एवढंच म्हणाल्या, "वाघिणीची शेपटीही मीच लावणार ना?" पेइ-चुन हो म्हणाली. तेव्हा ताईंनी तक्त्यात चारशे बारावी ओळ उघडली आणि वाघिणीला तिची शेपटी दिली. तिला हरवायचं होतं तरी तिच्या शेपटीत एक ठिपकासुद्धा इकडचा तिकडे केला नाही. मी असतो तर केला असता.

आता इथे सासूबाई येतात. ताईंच्या सासूबाई समुद्राकडच्या गावात माशांच्या तळ्यांपाशी राहतात. वय एकोणऐंशी, कान अर्धे, फोन त्याहून जुना. ताईंचा नियम असा की नवीन पान आधी सासूबाईंच्या फोनवर उघडून बघायचं. तिथे उघडलं तर कुठेही उघडेल. यासाठी आमचा तिघांचा एक गट होता: ताई, सासूबाई आणि मी, कारण फोन अडला की आजींना सूचना मीच द्यायचो. आजी त्या गटात रोज सकाळी कमळाचा फोटो पाठवायच्या, खाली "मन शांत तर घर शांत" असलं काहीतरी. ताईंच्या शिस्तीप्रमाणे या चाचणीच्या लिंकलाही शेपटी असायची. कुणाकडून: सासूबाई. कुठल्या मार्गाने: चाचणी. मोहीम: नवीन वर्ष.

ज्या दुपारी वाघिणीच्या माणसांना व्हिडिओखाली टाकायची लिंक मला पाठवायची होती, त्या दुपारी चार वाजता कचऱ्याच्या गाडीचं संगीत वाजलं. आमच्या गल्लीत ती गाडी दीड मिनिट थांबते, तेवढ्यात पिशवी टाकली नाही तर कचरा पुन्हा घरी. पिशवी टाकायची पाळी माझी होती. ताईंचा तक्ता उघडायला वेळ लागत होता आणि समोर तिघांच्या गटात भेटीच्या डब्याच्या पानाची लिंक आयती पडलेली होती. पान तर तेच. मी ती उचलली, तैपेईला पाठवली आणि पिशवी घेऊन धावलो. गाडी मिळाली, एवढंच त्या दिवसाचं माझं कर्तृत्व.

तीन आठवड्यांनी हंगाम संपला. सोमवारी पेइ-चुनने आकडेवारीचं पान भिंतीवर लावलं. जुन्या गिऱ्हाइकांचे निरोप: सहाशे दहा ऑर्डरी. डब्यातली कार्डं: तीनशे. भुकेली वाघीण: नऊ. त्या नऊ तिने एक दिवस टाकलेल्या फोटोखालच्या, तेवढी लिंक ताईंनी स्वतः पाठवली होती. आणि सगळ्यांच्या वर, सासूबाई: एक हजार आठशे चाळीस.

सगळ्यांनी पुढे वाकून ती ओळ पुन्हा वाचली. मग मालक म्हणाले, "ही सासूबाई म्हणजे कुठली कंपनी?"

"माझ्या सासूबाई," ताई म्हणाल्या. त्यांचा आवाज बारीक झाला होता.

गावी फोन लावला. आजी म्हणाल्या, "पाठवली की मी. तू पाठवतेस ते मी सगळ्यांना पाठवते. देवळाच्या गटात, नाचाच्या गटात, दवाखान्यात रांगेत ओळख झाली त्यांच्या गटात, मासेवाल्यांच्या गटात. कमळाबरोबर पाठवली. का, पाठवायची नव्हती?" मोजलं तर गट चौदा निघाले. एजन्सीचा माणूस फोनवर होता. हा चमत्कार नसून शास्त्र आहे, असं तो सांगू लागला. वयस्कर माणसांच्या गटांची ताकद आपण कित्येक वर्षं सांगत आलोय, म्हणाला. आदल्या आठवड्यात त्याने याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. मीही जोरजोरात मान हलवली. तेव्हा मला काही माहीत नव्हतं, ही माझी एकुलती एक बाजू.

"आई इतक्या लोकांना ओळखतात?" ताई जिन्यात मला म्हणाल्या. मग स्वतःच उत्तर दिलं, "शेपटीने सांगितलं ना, मग तसंच असणार." त्यांचं टेबल वाचलं होतं. त्या दिवशी त्यांनी मला तक्रार न करता एक लिंक दिली. मालकांनी फर्मान काढलं की शुक्रवारच्या वर्षअखेरीच्या जेवणाला सासूबाईंना गाडी पाठवून आणायचं आणि सगळ्यांसमोर बक्षीस द्यायचं. गावात ही बातमी संध्याकाळपर्यंत चौदा गटांत पोहोचली, आणि मंगळवारी आजींनी केस कुरळे करून घेतले.

बुधवारी माझ्या मेहुणीचा शिनचूहून निरोप आला. वाघिणीचा व्हिडिओ बघून तुमचा डबा मागवला, हेच का तुमचं दुकान, असं विचारून तिने व्हिडिओखालची लिंक पाठवली होती. मी सहज शेपटीकडे बघितलं. सासूबाई, चाचणी, नवीन वर्ष. मी व्हिडिओ उघडला. सात लाख लोकांनी बघितलेल्या त्या व्हिडिओखाली माझ्या हाताने पाठवलेली आजींची लिंक बसली होती.

गप्प बसावं, असा पहिला विचार आला, हे कबूल करतो. दुसराही तोच आला. सगळे खुश होते. ताईंची खुर्ची वाचली होती, माझी मान वाचली होती, आजींचे केस झाले होते. नुकसान फक्त वाघिणीचं, आणि तिला पैसे आधीच मिळाले होते. पण दुपारी मागच्या अंगणात नूडलची तबकं उन्हात घातलेली असतात, तिथे सावलीला बसून ताई डबा खात होत्या, आणि त्यांनी आपल्या डब्यातला अर्धा मांसाचा तुकडा माझ्या भातावर ठेवला. मग मला तो गिळवेना. मी सगळं सांगून टाकलं.

ताईंनी चॉपस्टिक खाली ठेवल्या.

"लिंक कुठून उचललीस?"

"आपल्या तिघांच्या गटातून."

"कशातून पाठवलीस?"

"फोनवरून."

"कशासाठी?"

"कचऱ्याची गाडी आली होती."

एवढं सांगून झाल्यावर त्या मला ओरडतील अशी मी वाट बघत होतो. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या गुडघ्यावर हात ठेवून तबकांकडे बघत राहिल्या. मी म्हणालो, "ताई, कुणाला सांगायची काय गरज आहे? माझ्या मेहुणीशिवाय कुणी शेपटी वाचत नाही."

"मी वाचते," ताई म्हणाल्या. "अठ्ठावीस वर्षं मी लोकांना विचारत आलेय, कुणाकडून आलात. आता मलाच कुणी विचारलं तर आठवत नाही म्हणू?"

"पण तुमचं टेबल जाईल."

"ते दिसतंय मला, आंधळी नाही मी. रडू येतंय, पण आधी हिशोब लागू दे." आणि त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. मी तोंड फिरवून नूडल बघितले.

अडचण अशी होती की आता दोघींच्या ऑर्डरी एकाच शेपटीखाली मिसळल्या होत्या. वाघिणीच्या किती आणि आजींच्या किती, हे आकडेवारीच्या पानाला विचारून कळणार नव्हतं. ताई आत गेल्या, कपाटाच्या मागून जुनं कॅलेंडर काढलं, कोऱ्या बाजूला दोन रकाने आखले आणि फोन ओढला. गुरुवारी दिवसभर त्यांनी गिऱ्हाइकांना फोन लावले.

"कुआनम्याओच्या नूडल कारखान्यातून बोलतेय. आमचं नाव तुम्हाला कुणी सांगितलं?"

हल्ली असल्या फोनला कोण उत्तर देतं? दर दिवसाआड कुणी ना कुणी बँकेतून बोलतोय म्हणून लोकांना लुबाडतो. निम्म्यांनी फोन आपटला. एक बाई म्हणाली, "पैसे परत देतो सांगून माझा खातेक्रमांक मागणार ना? लाज नाही वाटत या वयात?" एका गृहस्थाने फसवणुकीची तक्रारच केली, आणि तीन वाजता चौकीतला हवालदार स्कूटरवरून चौकशीला आला. ताईंनी त्याला चहा दिला, कॅलेंडर दाखवलं, सगळं समजावलं. जाता जाता त्याने दोन डबे मागवले. पावती करताना ताई थांबल्या. "आमच्याबद्दल तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तुमच्याविरुद्ध तक्रार आली ना."

ताईंनी त्याच्यासाठी तिसरा रकाना आखला आणि वर "तक्रार" लिहून एक रेघ ओढली.

संध्याकाळपर्यंत दोनशे माणसं नीट बोलली. वाघिणीचा व्हिडिओ बघून आलेली एकशे सदुसष्ट. आणि तेहेतीस जणांनी सांगितलं की कुणा आजींनी कमळाच्या फोटोबरोबर पाठवली होती. त्या प्रमाणात धरलं तर वाघिणीच्या पंधराशेवर जात होत्या, आजींच्या तीनशेच्या आसपास. वाघीण साफ जिंकली होती. ताईंनी तो कागद नीट घडी करून पिशवीत ठेवला. सासूबाईंना आधी फोन करून सांगावं म्हणून त्यांनी दोनदा फोन उचलला आणि दोन्ही वेळा ठेवला.

शुक्रवारी कारखान्यासमोर मांडव पडला, लाल टेबलक्लॉथ घातलेली बारा गोल टेबलं लागली. आजी आल्या त्या नव्या जांभळ्या जाकिटात, आणि केस असे गच्च कुरळे की वाऱ्याने हलेनात. त्या आमच्याच टेबलावर बसल्या. मालक, पेइ-चुन, ताई, आजी, मी आणि हिशोबनीस. थंड पदार्थ झाले, सूप झालं आणि कोंबडी आली. आख्खी, डोक्यासकट.

आमच्याकडे वर्षअखेरीच्या जेवणात कोंबडीचं डोकं ज्याच्याकडे तोंड करून ठेवतात त्याची नोकरी नवीन वर्षात गेली, असा जुना संकेत आहे. आता कुणी तसं मानत नाही, असं सगळे म्हणतात आणि सगळे आधी डोकंच बघतात. मालक दरवर्षी ताट आलं की लगेच फिरवून डोकं स्वतःकडे करायचे, मग सगळे हसून जेवायला लागायचे. यंदा मालकांनी यजमानपण लेकीला दिलेलं होतं. आणि पेइ-चुन फोनमध्ये बघत होती. वाढप्याने ताट ठेवलं आणि तो गेला. डोकं नेमकं माझ्याकडे होतं. चोच अर्धी उघडी. हिशोबनीसाने आपली खुर्ची हळूच माझ्यापासून लांब केली.

तेवढ्यात मालक माइकवर गेले, आजींचं नाव पुकारलं आणि त्यांच्या हातात विजेच्या भाताच्या कुकरचा खोका दिला. टाळ्या झाल्या. आजी आजवर एवढ्या माणसांसमोर उभ्या राहिल्या नसतील, पण खोका छातीशी धरून त्या देवासारख्या शांत उभ्या होत्या. तेव्हा ताई उठल्या, गुडघे सांभाळत सावकाश चालत गेल्या आणि मालकांकडून माइक घेतला.

"हे बक्षीस चुकीचं आहे," त्या म्हणाल्या. "व्हिडिओखाली चुकीची लिंक गेली होती. अठराशे चाळीस ऑर्डरी आईंच्या नाहीत. मी दोनशे जणांना फोन करून विचारलं. पंधराशेच्या वर वाघिणीच्या आहेत. आईंच्या फक्त तीनशे. पेइ-चुन, तुझं बरोबर होतं. कागद तुझ्या पिशवीपाशी ठेवलाय."

लिंक कुणी पाठवली ते ताईंनी सांगितलं नव्हतं. मी उठलो. "मी पाठवली," मी म्हणालो, पण माझ्याकडे माइक नव्हता आणि तोंडात फिशबॉल होता, त्यामुळे ते आमच्या टेबलाच्या पलीकडे गेलं नाही. पेइ-चुनने मात्र ऐकलं. ती माझ्याकडे बघत राहिली, आणि कोंबडीही.

ताई परत आल्या, बसल्या आणि काही न बोलता ताटाला बोट लावलं. ताट फिरलं. डोकं माझ्यावरून सरकलं आणि त्यांच्यासमोर थांबलं.

"ताई, चूक माझी आहे," मी म्हणालो.

"लिंक तू पाठवलीस. गेल्यावर बघायचं काम माझं होतं. आकडा मला आवडला म्हणून मी बघितलं नाही."

तेवढ्यात आजी खोका घेऊन परत आल्या. कानामुळे निम्मं ऐकू आलं होतं. त्यांनी खोका माझ्या मांडीवर ठेवला आणि सुनेकडे वळल्या.

"तीनशे म्हणालीस?"

"हो आई. माफ करा. तुम्ही केस केलेत, गावाला सांगितलंत…"

"तीनशे घरांत माझ्या सांगण्यावरून नूडल गेले?"

"हो."

"मग रडतेस कशाला? मला वाटलं होतं दहा-बारा. अठराशे ऐकून मीच घाबरले होते, एवढ्या लोकांचे आभार कधी मानायचे." आणि मग त्यांची नजर ताटावर गेली. मधे कोंबडी जशीच्या तशी होती. "डोकं कुणी घेतलं नाही? कुणालाच नको?" कुणी काही बोलायच्या आत आजींनी चॉपस्टिकने डोकं उचललं, वाटीत घेतलं आणि चोखायला लागल्या. "आमच्या घरी यावर भांडणं व्हायची," त्या म्हणाल्या.

आधी मालक हसले. मग टेबल हसलं, मग शेजारचं, आणि कशावर ते न कळताच बाराही टेबलं हसत सुटली. मालक डोळे पुसत लेकीला म्हणाले, "डोकंच राहिलं नाही. आता कुणाला काढणार?"

पेइ-चुन हसली नाही. ती कागद उघडून रेघा बघत होती. "हा तिसरा रकाना कसला? तक्रार, एक?"

"हवालदार," ताई म्हणाल्या. "दोन डबे."

पेइ-चुनने कागद घडी केला आणि तो आपल्या पर्समध्ये ठेवला. "वाघिणीला पुढच्या वर्षीही बोलवायचं. काम एजन्सीच करेल," ती म्हणाली. ताईंनी मान डोलावली आणि गुडघ्यावर हात ठेवला. "पण त्यांची प्रत्येक लिंक आधी तुमच्या टेबलावर येईल. तुम्ही बघितल्याशिवाय एकही जाणार नाही. चुकलं तर कुणाला विचारायचं, हे मला माहीत असलं पाहिजे. सोमवारी नऊला तक्ता घेऊन या. आणि हुंग, तू पण ये. साडेआठला."

एजन्सीला शिया ताई काय चीज आहेत ते पुढच्या चार वर्षांत कळलं. त्यांचा तो माणूस एकदा मला म्हणाला, की मोहिमेचं नाव सांगताना त्याचा घसा कोरडा पडतो.

या वसंतात ताई निवृत्त झाल्या. निरोपाच्या जेवणाला मी नव्हतो, बायको बाळंत व्हायची होती. दुसऱ्या दिवशी ताईंनी सगळ्यांना जेवणाच्या फोटोंची लिंक पाठवली, प्रत्येकाला वेगळी. अर्थात शेपटीसकट, म्हणजे कुणी फोटो बघितले आणि कुणी नुसते छान म्हणाले ते त्यांना कळावं. मालकांच्या लिंकला मालकांचं नाव होतं, पेइ-चुनच्या लिंकला पेइ-चुनचं. माझी मी उघडायच्या आधी वाचली, आता मी वाचतो.

कुणाकडून: सासूबाई. कुठल्या मार्गाने: कचऱ्याची गाडी. मोहीम: असंच.